वासूमाशांचे अडुसष्ट सेकंद

"मेलेला माणूस विक्रम मोडतो का हो?" तंकम टीचरांनी दारातच विचारलं.

खासगी तपासनीस कुरियनने पेपर खाली ठेवला. त्याचा मदतनीस बिजू केळ्याचे काप खातच राहिला.

टीचरांचे यजमान वासूमाश, म्हणजे गावचे वासू मास्तर, ओणमच्या सणात वारले. इरिंजालकुडाच्या वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, माईनस्वीपर या सुरुंग चुकवत खण उघडायच्या खेळात, अकरा वर्षं सर्वांत कमी वेळेचा त्यांचा विक्रम टिकून होता: एकाहत्तर सेकंद. उद्या तो आकडा त्यांच्या स्मृतिफलकावर कोरायचा होता. आणि आज पडद्यावर दिसत होतं, 'वासू, अडुसष्ट'.

"खोटा आकडा कोरला तर ते मला माफ करायचे नाहीत," टीचरांचे डोळे भरून आले.

टीचरांसोबत वाचनालयात येऊन कुरियन दहा डाव खेळला आणि दहाही हरला. "पहिला खण मात्र कधीच फुटत नाही," तो पुटपुटला. माऊस माशांच्या सवयीप्रमाणे डावीकडेच होता.

"माश डावखुरे. बटणं उलटी करून ठेवलेली," ग्रंथपाल शिवन म्हणाला. "सोमवारपासून ती सुलट झालीत. मीही खेळतो बरं का! कधी जिंकतो, कधी पहिल्याच खणाला धडाम!"

कॉलेजातली शीबा डाव्या हाताने नोंदवहीत सही करत कुरियनकडे बघून हसली. "माझे बहात्तर सेकंद झालेत, चेटा. विक्रम मोडला असता तर गावभर लाडू वाटले असते."

माशांचे जुने प्रतिस्पर्धी दामोदरन उजव्या हातातला चहाचा ग्लास सावरत खेकसले, "वासू गेल्यापासून मी त्या खुर्चीकडे फिरकलेलो नाही!"

"शीबाच," बिजू कुजबुजला.

"अरे, ती डावखुरी," कुरियन म्हणाला. "उलटी बटणं तिला आयतीच सोयीची, सुलट कशाला करेल? शिवन नुसत्या बाता मारतो, पहिला खण फुटतच नाही, म्हणजे तो कधी खेळलेलाच नाही. बटणं फिरवली ती उजव्या हाताने खेळणाऱ्याने. आणि डाव संपल्यावर त्याने माऊस आठवणीने पुन्हा डावीकडे ठेवला. माशांची एवढी माया कुणाला, दामोदरनचेटा?"

दामोदरननी ग्लास खाली ठेवला.

"अकरा वर्षांनी जिंकलो. नावाची चौकट उघडली, तर त्यात वासूचं नाव आधीच लिहिलेलं. पुसायला बोटच उठेना." ते टीचरांकडे वळले. "चेची, एकाहत्तरच कोरा. माझं कुणाला सांगू नका. तो हरेल."

"हरू दे!" टीचर रडता रडता हसल्या. "रोज घरी येऊन म्हणायचे, दामू एकदा तरी जिंकला पाहिजे, नाहीतर खेळायला यायचा बंद होईल. दोन्ही आकडे कोरू या. शेजारी शेजारी."