दीड थेंबाचं गणित

गिरणाई वसाहतीत चार हजार दोनशे मोठी माणसं राहत होती आणि रक्तदान शिबिराला तीन आली. त्यातल्या एकाला फोन चार्ज करायचा होता. दुसऱ्याला बिस्किटं हवी होती. तिसरा खरोखरच रक्त द्यायला आला होता, पण सुई बघून त्याला महत्त्वाचं काम आठवलं.

"कोडंच आहे," सुईकाका म्हणाला. सुईकाका म्हणजे रक्तपेढीचा यंत्रमानव. उंचीने कपाटाएवढा, स्वभावाने सरकारी अर्जासारखा. "पाहणीत शंभरातले ब्याण्णव जण रक्तदान चांगलं म्हणाले होते. मग आले का नाहीत?"

अकरा वर्षांच्या शाल्मलीला आज कोड्यांची हौस नव्हती. तिच्या धाकट्या भावाला, निनादला, थॅलेसेमिया होता (शरीरात तांबड्या पेशी नीट न बनण्याचा जन्मजात आजार). दर तीन आठवड्यांनी त्याला रक्ताची पिशवी लागे. पुढची पिशवी सोमवारी हवी होती आणि पेढीत त्याच्या गटाचं रक्त संपलं होतं. माणसाने मंगळावर वांगी पिकवली होती, पण रक्त कारखान्यात बनवणं काही त्याला जमलं नव्हतं.

तिने सुईकाकाचा फलक वाचला: 'शंभरातले सत्त्याण्णव जण रक्त देत नाहीत. तरी सर्वांनी यावे.'

"म्हणजे न येण्याचीच रीत आहे, हे तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत," ती म्हणाली.

शेजारच्या देऊळगावकर काकूंना तिने कारण विचारलं होतं. एवढी माणसं आहेत, कुणीतरी देईलच, असं त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावरही तेच उत्तर मिळालं, खालच्याही.

सुईकाकाने हिशेब केला. "पिशवी साडेतीनशे मिलिलिटरची. प्रत्येकाने ती मनातल्या मनात सगळ्यांत वाटून टाकली. वाट्याला साधारण दीड थेंब आला. याला जबाबदारीची विभागणी म्हणतात (काम सगळ्यांचं झालं की ते कुणालाच आपलं न वाटणं)."

"दीड थेंबासाठी कोण चपला घालेल?" शाल्मली म्हणाली.

मग तिला आईचं हळदीकुंकू आठवलं. आईने ग्रुपवर निरोप टाकला, तेव्हा सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि कुणी फिरकलं नाही. शाल्मली करंडा घेऊन दारोदार बोलावणं करून आली, तेव्हा वाणाच्या वाट्या कमी पडल्या.

तिने सुईकाकाला सोबत घेतलं. पहिल्या दारी तो म्हणाला, "नमस्कार, आपलं रक्त न्यायला आलो आहे." देऊळगावकर काकूंनी दार लावलं. वर साखळीही घातली.

दुसऱ्या दारी शाल्मली बोलली. "नेवासकर काका, तुम्हाला बोलवायला आलेय. सोमवारी निनादला रक्त लागणार आहे. गट जुळला तर तुमचं त्याला, नाहीतर दुसऱ्या कुणाला."

काकांनी तिच्यामागे उभ्या सुईकाकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चक्कर येते का गं?"

भीती अशी बाहेर आली की तिला उत्तर देता येतं, हे सुईकाकाने नोंदवलं. मग त्याने समजावलं की मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. दिलेल्या रक्तातला प्लाझ्मा (पातळ, पिवळसर भाग) एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशींना मात्र काही आठवडे लागतात. क्वचित कुणाला गरगरतं, म्हणून नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात.

रविवारी एकतीस जणांनी रक्त दिलं. एकाहत्तर वर्षांचे खंडाळे आजोबा वयामुळे परत पाठवले गेले. ते इतके रुसले की शाल्मलीने त्यांना बोलावणी करायच्या कामावर नेमलं.

सोमवारी निनादला रक्त चढलं. कुणाचं, ते सांगायचं नसतं, असं नर्सताईंनी स्पष्ट केलं. निनादने त्यावर विचार केला आणि मंगळवारी तो एकतीसही घरी जाऊन आला. प्रत्येक दारी तेच वाक्य: "तुमचं असेल तर छान चालतंय."

महिने उलटले. पुन्हा रक्त देता येईल एवढं अंतर पडल्यावर त्यातले सत्तावीस जण कुणी न बोलावताच पेढीत आले. खंडाळे आजोबांनी दारी जाऊन बोलावल्यामुळे देऊळगावकर काकूही पहिल्यांदाच आल्या. एवढी माणसं बघून त्या जराशा नाराज झाल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.