आंधळा पाय

मोबाइल खाली ठेवा पोरांनो, आणि ऐका. आपल्या मराकेशच्या सुतारगल्लीत इद्रिस कातारी आहे ना, त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट.

मौलिदच्या, म्हणजे पैगंबर जयंतीच्या, आदल्या रात्री, इशाची नमाज आटोपून तो दुकानात गेला. मशिदीच्या खिडकीच्या जाळीतली एकच दांडी कातायची राहिली होती. सकाळी दिली नाही, तर पुढचं सगळं काम मोटरवर कातणाऱ्याकडे जाणार होतं.

पण लाकूडच हट्टाला पेटलेलं. उजव्या हाताने दोरी बांधलेली कमान ओढून लाकूड फिरवायचं, डाव्या हातात पटाशी, आणि पायाच्या बोटांनी ती वळवायची. दर वेळी दांडी ऐन कंबरेत मोडायची.

बायको झुबैदा हरिऱ्याचं गरम सूप घेऊन आली. "घे की आता मोटर! जगात कोण पायाने लाकूड काततं?"

"तू घरी जा गं. डोकं नको खाऊ!"

ती गेली. दांडी पुन्हा मोडली. इद्रिसने तुकडे भिंतीवर भिरकावले. त्याचा उस्ताद बा अल्लाल त्याच वर्षी वारला होता. म्हाताऱ्याचा जन्मभर एकच टोमणा: "हात शहाणा आहे रे तुझा, पण पाय आंधळा!"

"मग या ना!" इद्रिस ओरडला. "तुमचा डोळस पाय घेऊन या, आणि करा तुम्हीच!"

वीज गेली.

त्याने चाचपडत नवं लाकूड चढवलं. वीज यायची वाट पाहत बसला.

मग पायावर काहीतरी टेकलं... गार. जड. दुसरा पाय. बोटांवर बोटं बसली.

"झुबैदा?"

कमान हलली. त्याने ओढली नव्हती. लाकूड फिरू लागलं. पाय निघेना. कानाशी कुणाची तरी धाप. छिलके मांडीवर पडत राहिले.

मग काहीच नाही.

वीज आली. दांडी तयार. देखणी. दुकानात कुणी नाही.

इद्रिस खूश झाला असेल असं समजू नका. सकाळी जाळी बसली, आणि मशिदीचे कारभारी नेमकं त्याच दांडीवर बोट ठेवून म्हणाले, "इद्रिसभाई, पुढच्या सगळ्या अशाच हव्यात हं!" काम मिळालं, पण तशी दांडी त्याला पुन्हा साधली नाही. अजून मोडतो, अजून चरफडतो. बोलवत मात्र कुणाला नाही.

ताजी कातलेली दांडी कोमट लागते, घटकाभरात निवते. जाळीतल्या त्या दांडीला आता कित्येक हिवाळे झाले. परवा पहाटे, कडाक्याच्या थंडीत, मी हात लावून पाहिला...

अजून कोमट आहे.