ज्वालामुखी आणि गुढियारी

श्रावणीला काळजी करायला कारण लागत नसे, एखादं पुस्तक पुरे. झोपेवरचं पुस्तक वाचलं आणि बाईसाहेबांची झोपच उडाली. पोटातल्या जंतूंवरचं वाचलं, तर कितीतरी दिवस गुपचुप, म्हणजे तिकडची पाणीपुरी, बंद. तरी माहितीची पुस्तकं काही सुटत नव्हती. म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, तात्यापारा या मराठी वस्तीतल्या वाचनालयात, हिंदीच्या कपाटात, ज्वालामुखींवरचं नवं पुस्तक दिसलं आणि तिने हात घातला... तर पलीकडून अजून एक हात त्याच पुस्तकावर.

“आप ले लीजिए,” चष्म्यातला तो मुलगा म्हणाला.

“पहले आपने पकड़ा था.”

“तो साथ में पढ़ते हैं. आधा आप डरिए, आधा मैं.”

त्याचं नाव शिशिर. मग दर शनिवारी एकाच टेबलावर दोघं, मधे ते पुस्तक. तिची ओळ संपेपर्यंत तो पान उलटायचा नाही. श्रावणीला तो आवडायला तेवढंच पुरलं. सोबत तिची मैत्रीण अनुश्री असायची, आणि तिच्याशी मराठीत वाट्टेल ते बोलता यायचं. हिंदीवाल्याला काय कळणार?

“काहून गं, त्याले पाहून राहिली?” अनुश्रीने एकदा विचारलं.

“पाहून राहिली त काय झालं? त्याले कुठं समजते! असा पोट्टा भेटला ना, त ज्वालामुखीवर संसार मांडीन मी.”

शिशिरची नजर पुस्तकातच होती. कान मात्र लाल झाले होते, पण हिचं लक्ष कुठे? तेवढ्यात टेबलाशी ग्रंथपाल पद्मजाकाकू आल्या.

“शिशिर, आईले सांगजो, उद्या हळदीकुंकू माह्या घरी हाये.”

“हव काकू, बोल दूँगा.”

काकू मराठीत बोलल्या, आणि याला सगळं कळलं! पुस्तक छातीशी धरून ती जी निघाली, ती घरी जाऊनच थांबली.

त्यानंतर ती वाचनालयाकडे फिरकली नाही. याने आईला सांगितलं असेल? आईने हळदीकुंकवात? मग गावभर... आणि त्याहून मोठी भीती, तो टेबल बदलून बसला तर? चांगला चाललेला शनिवार आपल्याच तोंडाने घालवला, असं तिला वाटत राहिलं. रडूही आलं. शेवटी पुस्तक परत करायचं होतं, म्हणून एकटीच गेली.

तो त्याच टेबलावर होता. समोरची खुर्ची रिकामी.

“आप आईं नहीं...”

“तुम्हाले मराठी येते,” ती कशीबशी म्हणाली. “मंग बोलले काहून नाही?”

“समजते सगळं. बोलायला गेलो का घरचे हसते. मैं उल्टा-सीधा बोल देता हूँ, इसलिए...”

“म्हणजे तुम्ही... सगळं आयकलं?”

“हव.”

धरणी दुभंगावी असं तिला वाटलं. त्या पुस्तकात पानोपानी दुभंगत होती, तात्यापाऱ्यात काही दुभंगेना. शिशिरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुसलेलाच पुन्हा पुसला. तोही घाबरला होता, हे तिला आत्ता कळलं.

“मले... नाही, तुले...” त्याने श्वास घेतला. “तुले मी आवडतो.”

तिच्या भुवया वर गेल्या. मग त्याच्या लक्षात आलं.

“नहीं, मतलब... उलटं झालं.”

“उलटं झालं,” श्रावणीला हसू आवरेना, “पण खोटं कुठं हाये? आता सुलट बोला.”

“मले तू आवडते.”

एक अक्षर चुकलं नाही. ‘आप’चं ‘तू’ कधी झालं, तेही त्याला कळलं नसावं.

“ज्वालामुखी इथं नाही,” तो हळूच म्हणाला. “गुढियारीत, रेल्वेच्या पटरीजवळ घर आहे. मालगाडी गेली का भिंती हलते... चालते?”

आवाजाने झोपेचं काय होतं, त्यावर तिने अख्खं प्रकरण वाचलं होतं. ते सगळं तिला आठवलं. तरी समोरची खुर्ची ओढून ती बसली.

“हव,” ती म्हणाली.