शेततळ्यातली जर्मन बोट

उंब्रजचे नानासो म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. मुंबईच्या गोदीत उभी हयात वेल्डिंग करून रिटायर झाले, तरी हात गप्प बसेनात. पत्र्याची हातभर जर्मन युद्धनौका केली आणि उसाकडेच्या शेततळ्यात सोडली. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनांना दहा हजार टनांवर जहाज बांधायची बंदी होती. वजन वाचवायला त्यांनी पत्रे जोडायचे रिव्हेट सोडून वेल्डिंग धरलं, म्हणून नानासोंचा त्या बोटीवर भारी जीव.

"पर ती खरी बोट लढाईत करायची काय?" बायकोनं, शालूबाईंनी विचारलं होतं.

"लांब समुद्रात एकटं मालवाहू जहाज गाठायचं. माणसं आपल्या पोटात घ्यायची, मग जहाज बुडवायचं."

शालूबाईंचा चेहरा उतरला. त्यांचा एकुलता शंभूराज मालवाहू जहाजावरच नोकरीला होता.

सोमवारी कंपनीचा फोन आला, शंभूच्या जहाजाशी संपर्क तुटलाय. त्याच संध्याकाळी बोट पाण्यात खोल बसलेली दिसली. नानासोंनी रंगवलेली लाल पाणरेघ बुडाली होती. दुसऱ्या दिवशी तोफांपर्यंत पाणी आलं. काखेत मारून आणलेली ती बोट दोघांनी ओढून काठावर घेतली, तेव्हा दोघांना धाप लागली. पत्र्याला फट म्हणून नव्हती.

आतून टकटक आली. एक... मग लगोलग दोन. शंभू घरचं दार असंच वाजवायचा.

"आवं... फोडा की," शालूबाई कुजबुजल्या.

"थांब जरा... काय हाय ते कळू दे."

"माझं लेकरू हाय आत."

नानासोंनी ग्राइंडर लावला. पत्रा फाटला आणि पाणी आलं. येतच राहिलं. शालूबाईंनी करंगळी बुडवून जिभेला लावली. खारट. आत कुणी नव्हतं, आणि टकटक थांबली होती.

नानासोंनी ग्राइंडर बाजूला टाकला. "शाले... म्याच बुडवला गं त्याला."

शंभूचं जहाज काही सापडलं नाही, ना त्यावरची बाकीची माणसं. फाटलेली बोट आता पडवीत टांगलीय, आणि ती अजून ठिबकते. शालूबाई त्यातला थेंब सांडू देत नाहीत. घागरी भरल्या, पिंपं भरली. बाईचं डोकं फिरलंय म्हणतात लोक. म्हणोत बापडे, त्यांचं काय जातंय?

काल दिवेलागणीला चुलीपाशी झाकून ठेवलेली घागर वाजली. एक... मग लगोलग दोन. शालूबाई झाकण काढायला धावल्या.

तेवढ्यात शेजारचं पिंपही वाजायला लागलं, एकसारखं, न थांबता. तो हात मात्र शंभूचा नव्हता.