भूपालमामाची शाबासकी

बसा असं जवळ, चहा घ्या. इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमधली गंमत सांगतो. हसून पोट दुखलं तर मला बोल लावू नका.

त्या शेडमध्ये सगळ्यांच्या कानात कानजोड असायचं. हरभऱ्याएवढं यंत्र. माग खडखडायला लागले की बोलणाऱ्याचे निम्मे शब्द वाटेतच मरतात. कानजोड उरलेल्या शब्दांवरून वाक्य पुरं करायचं, तेही बोलणाऱ्याच्याच आवाजात. हा माणूस रोज काय बोलतो ते त्यानं शिकून ठेवलेलं. त्याच्या आधी लोक खुणा करायचे. सूत तुटलं, खूण. चहा आला, खूण. कानजोड आलं आणि हात गप झाले.

भूपाल मगदूम तिथला जॉबर. माग दुरुस्त करायचा आणि सगळ्यांवर ओरडायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. तोंड असं, की बिघडलेला माग शिव्या ऐकूनच चालू व्हावा. शमशाद मुल्लानी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची, आणि तिच्या हातची कांडी मागात कधी अडकायची नाही. तिला पलीकडच्या शेडमधून बोलावणं आलं, तसं मामानं ठरवलं, हिला थांबवायचं. जन्मात कुणाला गोड न बोललेला माणूस. घरी आरशापुढं तयारी केली, आणि चालत्या मागांत तिला म्हणाला, तुझ्याशिवाय शेड चालायची नाही, थांब.

शमशादच्या डोळ्यात पाणी आलं. मामाला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आली. मामानं खुशीत दोन खाल्ले, तिसरा खिशात टाकला. पेढे निरोपाचे होते. ही बिचारी मनात म्हणतीय, हाकलतो तर हाकलतो, वर खिसे भरतो. संध्याकाळी ती डबा आवरायला लागली तेव्हा मामाच्या डोक्यात उजेड पडला, ही तर निघाली.

कानजोड तपासायला ऋताबाई इंजिनीअर आल्याच होत्या. त्यांनी शमशादच्या यंत्रात साठलेलं कालचं बोलणं लावून ऐकवलं. मामाचाच आवाज होता: "तुझ्याशिवाय शेड चालते, जा."

मामा म्हणाला, हे मी बोललोच नाही.

"तुम्ही रोज जे बोलता, त्यावरनं ते भरतंय, मामा."

"आणि माणूस बदलला तर?"

ऋताबाई म्हणाल्या, "एकदम बदलला, तर ते त्याला गोंगाट समजतं. पुसून टाकतं."

शमशाद दारापाशी पोचलेली. मामानं जुन्या सवयीनं हात वर केला. पण 'जाऊ नको' याची खूण कधी कुणी केलीच नव्हती. मग त्यानं मोठा खटकाच खाली ओढला. सगळे माग थांबले. एवढ्या शांततेत मामा परत म्हणाला, "थांब पोरी. तुझ्याशिवाय शेड चालायची नाही."

शमशाद त्याच्याकडं बघेचना. तिनं ऋताबाईंना विचारलं, "हे मामा बोलले, का यंत्र?"

"यंत्राला कुठली एवढी अक्कल, भवाने. ठेव तो डबा खाली," मामा खेकसला.

सगळी शेड हसली. शमशादनंही हसत डबा ठेवला. शिवी ऐकली तेव्हा तिचा विश्वास बसला. त्या गोड वाक्यावर मात्र अजून बसलेला नाही. मामा ते आजही अधूनमधून बोलून बघतो, आणि ती आजही आधी यंत्र काढून हातात घेते.

आता एक करा. बाहेर गोंगाट बराच आहे, आणि मला गावात सगळे थापाड्या म्हणून ओळखतात. तेव्हा तुमच्या कानातलं ते कानजोड जरा काढा, आणि मी आत्ता काय सांगितलं, ते मला सांगा बघू.