कसणाऱ्याची पावले

नाचणीची रोपे उपटून जुड्या बांधून झाल्या होत्या. ठकूबाई गभालेने भाकऱ्यांचे गाठोडे बांधावर ठेवले, तोच कमरेचा फोन बोलू लागला. अनुदानाचा निरोप असणार, म्हणून तिने आवाज वाढवला.

"गेल्या हंगामात आपल्या शेतात आपली पावले आढळली नाहीत. सर्वाधिक पावले चिमाबाई लोहकरे यांची आहेत. अनुदान त्यांच्याकडे वर्ग होत आहे. लोहकरे यांच्या शेतात सर्वाधिक पावले आपली आहेत. त्या शेताचे अनुदान मान्य असल्यास 'होय' म्हणा."

गेल्या वर्षी शासनाने खतातून मोहरीएवढे संवेदक मातीत पेरले होते. प्रत्येकाच्या चालीचा ठेका निराळा. हे कण तो ऐकत, ओळखत आणि वर कळवत. कागदोपत्री त्यांना 'पदज्ञ' म्हणत, गावात कानमोहरी. शहरात बसून शेताचे अनुदान खाणाऱ्यांना चाप बसावा, हा हेतू. हेतू निर्मळ होता, आणि निर्मळ हेतूंना जाब विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.

ठकूबाईने कृषी सहायक प्रणिता धिंदळेला फोन लावला.

"ताई, तुमचं यंत्र चुकलं बघा."

"चुकलं नाही, मावशी. लावणी, खुरपणी, कापणी, एकदाही तुम्ही स्वतःच्या शेतात उतरला नाहीत."

"कशी उतरू? सावड व्हती ना! समद्या जणी एकीच्या शेतात राबायचं, मग दुसरीच्या. जिचं शेत, तिनं रांधायचं, बांधावर बायांना वाढायचं. सासवांपासून असंच हाय."

"यंत्रात सावडीचा रकाना नाही." प्रणिता थबकली. "आणि मावशी, दोन हंगाम असंच दिसलं, तर कसण्याचा हक्कही पावलांमागे जातो. हा चालू हंगाम दुसरा."

"म्हंजी माझं शेत चिमाचं?"

"आणि तिचं तुमचं. तुम्ही होय म्हणालात तर."

"तिला बी निरोप आला?"

"सकाळीच. सगळ्यांनाच."

"ती काय म्हनली?"

"ते मला सांगता येत नाही. गोपनीय असतं."

गावात कुणाच्या चुलीवर काय शिजते हेही आजवर गोपनीय नव्हते.

उतारावरून बाया येत होत्या, अकरा जणी, कासोटे घातलेल्या. पुढे चिमाबाई, नेहमीसारखी.

"काय गं ठके, कालवण आज तरी गिळण्याजोगं केलंस का?"

कोणी हसले नाही. चिमाबाईने रोपांची जुडी उचलली आणि बांधावरून पाय आत टाकायला उचलला.

"थांब," ठकूबाई म्हणाली.

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. चिमाबाईने पाय मागे घेतला. मागच्या दहा जणी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.

"रोपं सुकतील, ठके. एकटीनं आठ दिसांत बी नाय व्हायची लावणी."

"ठाव हाय." ठकूबाई म्हणाली. "तू होय म्हनलीस का गं?"

चिमाबाईने हातातली जुडी बांधावर ठेवली.

"आन् तू?"

ठकूबाई 'होय' म्हणाली नव्हती. ते खरे होते, आणि चाळीस वर्षे तिच्या साध्या शब्दावर चिमाने बैल दिले होते, लेकरे सोपवली होती.

"नाय," ती म्हणाली.

"मी बी नाय," चिमाबाई म्हणाली.

पण बांधावरून पाऊल कोणी उचलले नाही. आपल्या शब्दावर चिमाचा विश्वास बसला का, हे ठकूबाई तिच्या चेहऱ्यावर शोधत होती. आणि चिमाही नेमके तेच शोधत असेल, तर आता आधी आत कोणी उतरायचे?