वाकळीतली विहीर

परक्याच्या ओट्यावर मळक्या कपड्यांचं गाठोडं ठेवायचं, ‘वाकळ शिवून द्या’ एवढंच बोलायचं आणि पायाच्या अंगठ्याने भुई उकरत उभं राहायचं... ही कुठल्या गावची रीत म्हणायची?

साळूने त्याला तेच विचारलं. मार्गासनी गावात तिच्या वाकळींचं नाव होतं, पण जिभेला आख्खी आळी वचकून असायची.

“गाव न्हाई,” तो म्हणाला. “भाटघरच्या धरनात गेलं.”

कुंडलिक त्याचं नाव. भातकापणीला मजुरीवर आलेला. गाठोड्यात मेलेल्या आईची लुगडी होती, बापाचा पटका होता. साळू वरमली, पण वरमलेली दिसली तर ती साळू कसली!

“ठिवा तितं. आन् भुई उकरू नका, कालच सारवलीया.”

तो गेला. वळणावर एकदा मागे पाहिलं त्याने. डोळे तेवढे बोलके, बाकी सगळा मुका कारभार.

साळूला तरी आपलं असं कुठलं गाव होतं? लग्नानंतर दोन दिवाळ्या झाल्या नाहीत तोच नवरा पटकीने गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. भाऊ चिमाजी भला. म्हणायचा, बरा माणूस मागायला आला तर पाट लावून देऊ, पुन्हा संसार कर. पण मागणाऱ्याने तोंड तर उघडायला हवं!

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन गुंजवणी नदीवर गेली. साळूच्या हातून मळकी चिंधी वाकळीत गेली, असं कुणी म्हणता कामा नये. राखेच्या पाण्यात भिजवून, धोंड्यावर बडवून बडवून तिने एकेक कापड लख्ख केलं.

संध्याकाळी कुंडलिक आला. कुंपणावर वाळणारा पटका त्याने उचलला, नाकाशी नेला... आणि तसाच उभा राहिला.

“माती व्हती ह्याला. आमच्या शेताची. शेवटची नांगरट करून बा तसाच उठून आला व्हता.”

तो भांडला असता तर तिने दोन शब्द जास्त सुनावले असते. पण तो भांडला नाही. पटका नीट वाळत घातला आणि निघून गेला.

मग तो फिरकलाच नाही. सुईत दोरा ओवता ओवेना. गल्लीत पाऊल वाजलं की साळूची मान आपोआप वर व्हायची. म्हैस असायची, शेजारीण असायची... तो नसायचा. बाळाबाई, तिची भावजय, गालात हसून म्हणाली, “वन्सं, वाकळ डोळ्यांनी शिवत्यात व्हय?”

शेवटी ती उठली आणि भरल्या खळ्यावर गेली. चार माणसांत त्याच्यासमोर उभी राहिली.

“माती गेली माझ्या हातनं. पर गाव तुमच्या डोस्क्यात हाय नव्हं? या आन् सांगा. म्या शिवते.”

तेव्हापासून उन्हं उतरली की तो ओट्यावर यायचा. आईच्या हिरव्या लुगड्याची भातखाचरं झाली. बापाच्या तांबड्या पटक्याचं भैरोबाचं देऊळ झालं. आईच्याच काळ्या खणाची विहीर.

“विहीर कुठं?”

“हितं.” त्याने बोट ठेवलं — तिच्या बोटापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, “जरा डावीकडं व्हती वाटतं.”

तिने उसवली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “न्हाई... देवळाच्या अंगाला.”

“का वो? कालच्या विहिरीला पाय फुटलं का?”

“पान्याखाली हाय. सरकत आसंल.”

आतून बाळाबाईचं हसू फुटलं. साळू फणकारली, पण उसवायला बसली. टाके भराभर निघत होते... आणि तिच्या ध्यानात आलं, विहिरीचे टाके आपण मुद्दाम सैल घालतोय.

माघ लागला. एके सकाळी तो बोचकं बांधूनच आला.

“नीरेच्या कालव्यावर उसाचं काम हाय, बारामतीकडं. आमच्या गावावरचं पानी तिकडंच जातंय. म्हटलं... त्याच्या मागनं जावं.”

साळूने वाकळ पुढ्यात ओढली. “आन् विहीर?”

“हाय तितं ऱ्हाऊ द्या.”

तिने विहिरीला घट्ट टाके घातले. गाठ मारून दोरा दातांनी तोडला, घडी केली, पुढे धरली. त्याने वाकळ धरली. हिने सोडली नाही. कोपऱ्यात चिमाजी दावं वळत होता, त्याचे हात थांबले. आत सुपाचा आवाज थांबला.

“इचारलं आसतं म्या...” कुंडलिक खाली बघत म्हणाला. “पर ज्याला गाव न्हाई, त्यानं कुनाची लेक कुठं न्यायची? येतो.”

“थांबा!” साळूचा आवाज असा चढला की शेजारच्या पडवीतली कोंबडी फडफडली. “तुमचं गाव येकदा बुडालं तर तुमी हातपाय गाळून बसला. आमा बायकांचं गाव लग्नाच्या दिशीच बुडतंय, माजं तर दोनदा बुडालं! तरी जाऊ तितं तीन धोंडं मांडून चूल पेटवतोच की आमी. भित्रं हाईसा तुमी, कुंडलिकराव, पक्कं भित्रं... आन् आसल्या मानसाला येकटं येवढ्या लांब म्या काय धाडायची न्हाई!”